नाव ऐकलं की लिहिता आलं पाहिजे

वाचकांचे प्रश्न : वेबसाइटचं डोमेन

या वेळी डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्या, नावाबद्दल आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रं मोठी होती, ती मुद्द्यापुरती छोटी केली आहेत. रोमन स्पेलिंग सांगायची वेळ आली तिथे अक्षरं एकेक करून दिली आहेत.

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात घरूनच सावजी मसाला बनवून विकतो. आजवर व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी घेत होतो, आता वेबसाइट करायची आहे. 'सावजी', 'वऱ्हाडी', 'झणझणीत' असे शब्द जोडून सात-आठ नावं काढली. सगळीच चांगली वाटतात. निवडायचं कसं, सांगा ना जी.
— मसाला उत्पादक, महाल

उत्तर : नावं चांगलीच आहेत, पण मराठीत. ती रोमनमध्ये उतरली की भानगड सुरू होते. 'सावजी'च घ्या. कुणी एस-ए-ओ-जे-आय लिहितं, कुणी मध्ये व्ही घालतं, कुणी डब्ल्यू. शेवटी आय की दोन ई, सुरुवातीला एक ए की दोन? तीन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे एका शब्दाची बारा स्पेलिंगं झाली. त्यातलं तुम्ही एक घेणार. उरलेल्या अकरा ठिकाणी गिऱ्हाईक गेलं की त्याला एकतर काहीच दिसणार नाही, नाहीतर दुसऱ्याचं दुकान दिसेल.

असे घातकी शब्द ओळखायला सोपे आहेत. 'व' असेल तर व्ही-डब्ल्यूचा घोळ. 'झ' असेल तर झेड की जे-एच. 'ळ' असेल तर मराठी माणूस एल लिहितो, हिंदी कानाला तो कधी ल तर कधी ड ऐकू येतो, आणि इतवारी-गांधीबागेतलं निम्मं गिऱ्हाईक हिंदीतच बोलतं. 'ज्ञ' तर सर्वांत वाईट : आपण डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाले जी-वाय. त्यावर ह्रस्व-दीर्घ आहेच. 'वऱ्हाडी' आणि 'झणझणीत' या दोन्ही शब्दांत असे दोन-दोन सापळे आहेत. म्हणून यादीतली ती नावं आधी काढा.

उलट 'मसाला', 'मिरची', 'तडका' हे शब्द रोमनमध्ये पाकिटांवर आणि पाट्यांवर इतके दिसतात की त्यांचं स्पेलिंग लोकांच्या डोळ्यांत बसलं आहे. असा एक शब्द आणि त्याला जोडून तुमचा स्वतःचा, दोन-तीन अक्षरी, सरळ स्पेलिंगचा शब्द, एवढं पुरतं. 'सावजी' पाकिटावर मोठ्या अक्षरात छापा, डोमेनमध्ये नको. नागपुरात सावजीची पाटी गल्लोगल्ली आहे. तो शब्द माल कोणता ते सांगतो, माल कुणाचा ते सांगत नाही.

दोन शब्द जोडताना सांधा तपासा. 'नागपूर' आणि 'रस' जोडले की मधे दोन आर येतात, आणि लिहिणारा हमखास एकच लिहितो. 'संत्रा' आणि 'आहार' जोडले तर दोन ए. पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर आणि दुसऱ्याचं पहिलं अक्षर एकच असेल तर तो सांधा सोडा.

मग खरी परीक्षा. पाच जणांना फोन करा. नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि ऐकलं तसं रोमनमध्ये टाइप करून पाठवायला सांगा. पाचांत एक साठीच्या पुढचे, एक शाळकरी, एक मराठी न बोलणारा हवाच. चार जणांनी बरोबर लिहिलं तर नाव पास. तिघांनीच लिहिलं तर बाकीच्या दोघांनी कोणती चूक केली ते बघा. दोघांची चूक सारखीच असेल तर ते चुकीचं स्पेलिंगही विकत घ्या आणि मूळ पत्त्याकडे वळवा. वेबसाइट करणाऱ्याला '३०१ रीडायरेक्ट' म्हटलं की कळतं. चुका वेगवेगळ्या असतील तर नाव बदला. रक्षणासाठी दोनपेक्षा जास्त नावं घेऊ नका, प्रत्येकाचं भाडं दरवर्षी वेगळं भरावं लागतं.

नियमाप्रमाणे टिंबाच्या आधी ६३ अक्षरं चालतात. व्यवहारात १४-१५च्या पुढे गेलात की पाकिटाच्या मागच्या बाजूला ते मुंगीएवढं छापावं लागेल. मोठी-छोटी लिपी एकच धरली जाते. म्हणजे छापताना शब्दांची पहिली अक्षरं मोठी केली तरी पत्ता तोच राहतो आणि वाचायला सोपं जातं. तेवढं जरूर करा.

प्रश्न : आमच्या भागात सगळ्या गाड्यांवर एमएच ३१. नावात ३१ टाकलं तर आपलेपणा वाटेल. किंवा मधे छोटी रेघ टाकू का?
— मोबाइल दुरुस्ती, सक्करदरा

उत्तर : दोन्ही नको. 'एकतीस' ऐकल्यावर आकडा लिहायचा की अक्षरं, आणि अक्षरं तर मराठीत की 'थर्टी वन', हे प्रत्येक वेळी सांगावं लागेल. रेघ नियमात बसते (सुरुवातीला आणि शेवटी मात्र चालत नाही), पण बोलताना ती कुणी उच्चारत नाही. रेघेशिवायचं नाव दुसऱ्याकडे असेल तर तुमच्या जाहिरातीचा पैसा त्याच्या दारात जाईल. शिवाय पूर्व नागपुरात ४९ आणि ग्रामीणमध्ये ४० नंबरच्या गाड्या फिरतात, त्यांनी काय करायचं?

प्रश्न : काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया आणि मृग, दोन्ही बहार घेतो, थोडी मोसंबीही आहे. पेट्या थेट ग्राहकाला पाठवायच्या आहेत. 'नागपूर ऑरेंज' असलेलं नाव हवं होतं, पण पाहिजे ते डॉट कॉम कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय, उघडलं तर 'विकणे आहे' दिसतं. डॉट इन घ्यावं की पैसे मोजावे? आणि नावात 'ऑरेंज' असलं की गूगलमध्ये वर येतं म्हणतात, खरं का?
— बागायतदार, काटोल

उत्तर : शेवटचं आधी. शोधशब्द जसाच्या तसा डोमेनमध्ये टाकला की वर येण्याचा काळ गेला. २०१२ मध्ये गूगलनं नेमक्या अशा, नाव मोठं आणि आत माल नाही, साइटींचा फायदा काढून घेतला. तुमच्या पानावर बाग कुठे, बहार कोणता, पेटीत किती नग, किती किलो, कुठे पोचतं हे असेल तर नावात ऑरेंज नसलं तरी चालतं.

दुसरं, 'नागपूर संत्रा' हे २०१४ पासून नोंदलेलं भौगोलिक मानांकन आहे. ते कुणा एकाचं नाही, या पट्ट्यातल्या उत्पादकांचं आहे. तुम्ही खरा नागपुरी संत्रा पिकवता, तेव्हा शब्द वापरण्यात वावगं नाही. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करून घेतली तर पेटीवर हक्कानं छापता येईल. पण तो शब्द डोमेनमध्ये घेतला म्हणून शेजारच्या बागायतदाराला अडवता येणार नाही. तो उद्या तुमच्यासारखंच नाव पुढे-मागे एक शब्द लावून घेईल आणि ग्राहक दोघांत गोंधळेल. भिवापूरच्या मिरचीलाही मानांकन आहे, तिथल्या शेतकऱ्यांनाही हेच लागू.

आणि मोसंबी आहेच तुमच्याकडे. उद्या आवळा लावाल, संत्रा बर्फीवाल्याला माल द्याल. फळाच्या नावात अडकू नका. बागेचं, शिवाराचं, नाल्याचं, घराण्याचं नाव घ्या. वरच्या उत्तरातली फोनची परीक्षा मात्र त्यालाही लावा.

आता डॉट कॉम की डॉट इन. ग्राहक भारतातलाच असेल तर डॉट इन पुरेसं आहे, २००५ पासून ते कुणालाही मिळतं, आणि गूगलही ते भारतासाठीचं धरतं. पण त्याच नावाच्या डॉट कॉमवर कोण बसलंय ते बघा. नुसतं 'विकणे आहे' असेल तर फारसा धोका नाही. तिथे दुसरा फळविक्रेता असेल तर ते नाव सोडूनच द्या, कारण लोकांची बोटं आपोआप डॉट कॉमकडे जातात आणि तुमच्याकरता लिहिलेली ऑर्डरची मेल त्याच्याकडे पडते. डॉट को स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. ते कोलंबिया देशाचं आहे, आणि एम राहिला असं समजून लोक तो जोडतात. डॉट ऑनलाइन, डॉट एक्सवायझेडसारखी पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत मिळणारी शेपटं बघाल तर त्याच पानावर रिन्यूचा दर शोधा. तो कित्येकदा पाच-दहा पट असतो. शिवाय स्वस्त शेपटं फसव्या मेलवाल्यांनीही भरपूर वापरली आहेत, त्यामुळे तुमची साधी पावतीही समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊ शकते.

विकाऊ डॉट कॉमला पैसे मोजणं? चालू नसलेल्या धंद्यासाठी नाही. विकत घ्यायचंच ठरलं तर रक्कम थेट मालकाच्या खात्यात टाकू नका, एस्क्रोतून, म्हणजे पैसे मधे धरून ठेवणाऱ्या सेवेतून, द्या. नाव तुमच्या खात्यात आल्यावरच त्याला पैसे सुटतात.

प्रश्न : मराठी माणसानं इंग्रजी अक्षरांत नाव का घ्यावं? देवनागरीत मिळतं ना?
— निवृत्त शिक्षक, धरमपेठ

उत्तर : मिळतं. 'डॉट भारत' हे शेपूट २७ ऑगस्ट २०१४ ला देवनागरीत सुरू झालं आणि त्यात हिंदी, कोकणी यांच्यासोबत मराठीही आहे. पडद्यामागे मात्र यंत्र त्या नावाचं रोमन रूप करतं, एक्स-एन आणि पुढे दोन रेघा अशी सुरुवात असलेलं, वाचता न येणारं. ६३ अक्षरांची मर्यादा त्या रूपाला लागते. काही अॅपमध्ये दुवा पाठवला की हेच रूप उघडं पडतं आणि घेणाऱ्याला ती फसवणूक वाटते. देवनागरी पत्त्यावरची मेल तर अजून कित्येक सरकारी, खासगी फॉर्म नाकारतात.

एक बारीक खोच मराठीची खास. 'वऱ्हाड'मधला अर्धा र कळफलकावर दोन रीतींनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळी अक्षरं. असा शब्द देवनागरी डोमेनात घेऊ नका. आणि 'पूर' दीर्घ की ह्रस्व, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या माजी विद्यार्थ्यांचं सांगता येत नाही.

आमचं मत : देवनागरी नाव घ्या, जाहिरातीत मिरवा, पण ते रोमन पत्त्याकडे वळवलेलं दुसरं दार म्हणून ठेवा. मेल रोमन पत्त्यावरच.

प्रश्न : आमच्या क्लासेसची वेबसाइट चार वर्षांपूर्वी एकाकडून करून घेतली. डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची जागा) सगळं त्यानंच घेतलं, आम्ही दरवर्षी पैसे देतो. आता दुसऱ्याकडे काम द्यायचं तर तो डोमेन देत नाही, 'आमच्या पॅकेजमध्ये आहे' म्हणतो. नाव आमचं, मालकी त्याची कशी?
— क्लासचे संचालक, नंदनवन

उत्तर : नोंदीत ज्याचं नाव, डोमेन त्याचं. पैसे कुणी दिले हे रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, बघत नाही. म्हणून आज पहिलं काम, नोंद बघा. डॉट कॉमसाठी आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेच्या साइटवरच्या शोधात नाव टाका (नोंदी बघण्याच्या जुन्या 'हू इज' पद्धतीची जागा जानेवारी २०२५ पासून आरडॅप या नव्या पद्धतीनं घेतली आहे). डॉट इनसाठी, ते शेपूट सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेच्या रजिस्ट्रीवर. नावं-फोन बहुधा झाकलेले असतील, पण तीन गोष्टी दिसतील : रजिस्ट्रार कोण, मुदत कधी संपते, नेमसर्व्हर (डोमेन कोणत्या यंत्राकडे न्यायचं ते सांगणारे सर्व्हर) कुणाचे. मुदत दोन महिन्यांच्या आत संपत असेल तर भांडण बाजूला ठेवा. आधी ती एक वर्षानं वाढवून घ्या, चिडून त्यानं ती संपू दिली तर दोघांचंही जाईल.

मग तपासा की नोंदणीदार म्हणून तुमची मेल टाकलेली आहे का. जुन्या मेलमध्ये रजिस्ट्रारचं पत्र शोधा. नवीन डोमेन घेतल्यावर मेल पडताळणीचा दुवा येतो आणि १५ दिवसांत तो दाबला नाही तर डोमेन थांबवलं जातं. तो दुवा तुम्ही दाबला असेल तर नोंदीत तुम्हीच आहात. तसं असेल तर रजिस्ट्रारला थेट लिहा आणि ट्रान्सफरसाठीचा ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायची किल्ली, मागा. डॉट कॉमसारख्या नावांना तो पाच दिवसांत द्यावा लागतो.

नोंद त्याच्या नावानं असेल तर त्याच्याकडून दोनपैकी एक गोष्ट मागा. सोपी ही : त्याच रजिस्ट्रारकडे तुम्ही तुमचं खातं उघडा आणि त्यानं डोमेन त्या खात्यात सरकवावं. पाच मिनिटांचं काम. दुसरी, रजिस्ट्रार बदलायचा : लॉक काढणं, ऑथ कोड, नवीन रजिस्ट्रारकडे पैसे. यात डॉट कॉमला एक वर्ष वाढून मिळतं. पण नोंदणीनंतर किंवा आधीच्या ट्रान्सफरनंतर ६० दिवस पुन्हा हलवता येत नाही. 'पॅकेज' म्हणजे होस्टिंग. ते त्याच्याकडे राहू द्या, डोमेन वेगळं निघतं हे त्यालाही ठाऊक असतं.

हलवण्याआधी डीएनएसच्या, म्हणजे साइट आणि मेल कुठे जायची ते सांगणाऱ्या, सगळ्या नोंदींचे फोटो काढून ठेवा, विशेषतः मेलची नोंद, एमएक्स. नेमसर्व्हर बदलले आणि एमएक्सची नोंद नव्या जागी टाकायची राहिली की साइट सुरू असते आणि मेल गुपचूप बंद पडते. ऐन प्रवेशाच्या दिवसांत हे आठवडाभर लक्षातही येत नाही. बदल सगळीकडे पोचायला ४८ तासांपर्यंत धरा, शुक्रवारी रात्री करा.

तो ऐकलाच नाही तर बिलं, यूपीआयच्या नोंदी, 'डोमेनचे पैसे पाठवले' असे मेसेज गोळा करून वकिलामार्फत नोटीस द्या. डोमेननावालाही व्यापारी नावासारखं संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच सत्यम इन्फोवेच्या खटल्यात मान्य केलं आहे. डॉट इनचा तंटा निक्सीच्या ठरलेल्या लवाद पद्धतीनं सोडवता येतो, पण तिथे नावावरचा तुमचा हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू दाखवावा लागतो. क्लासच्या नावाचा ट्रेडमार्क असेल तर काम निम्मं होतं.

पत्रात तुम्ही डॉट एसी डॉट इन मिळेल का असंही विचारलंय. ते आणि डॉट ईडीयू डॉट इन अर्नेट या सरकारी संस्थेकडून मान्यताप्राप्त संस्थांनाच मिळतं, मान्यतेची कागदपत्रं लागतात. क्लासला साधं डॉट इन किंवा डॉट कॉम.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या नावात, निदान वेबसाइटच्या नावात, 'बँक' शब्द घेतला तर ठेवीदारांचा विश्वास बसेल. डॉट बँक डॉट इन मिळेल का?
— पतसंस्थेचे सचिव, उमरेड

उत्तर : मिळणार नाही आणि घेऊही नका. डॉट बँक डॉट इन हे रिझर्व्ह बँकेच्या परवान्याच्या बँकांसाठीच आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी तिकडे जायचं असं रिझर्व्ह बँकेनं ठरवलं होतं आणि नोंदणी फक्त आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेनं स्थापलेली संस्था करते. नावात 'बँक' घालण्याची परवाना नसलेल्या सहकारी संस्थांना बंदी आहे. बँकिंग नियमन कायद्यात २९ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर रिझर्व्ह बँकेनं तसा जाहीर इशाराही दिला आहे. 'बँक' शब्द वापरून आलेला विश्वास नोटिशीपर्यंतच टिकेल.

प्रश्न : डॉट कॉम रिन्यू करायचं राहिलं. मुदत संपून बारा दिवस झाले, साइट बंद आहे. कार्डावर ऑटो रिन्यू लावलं होतं तरी असं का? नाव गेलं का?
— कापड व्यापारी, इतवारी

उत्तर : गेलं नाही, पण हे वाचून होईपर्यंत थांबू नका, आधी पैसे भरून या. मुदतीनंतर साधारण ४५ दिवसांपर्यंत बहुतेक रजिस्ट्रार नेहमीच्या दरात रिन्यू करू देतात. काही मात्र पंचविसाव्या-तिसाव्या दिवशीच नाव लिलावात काढतात. त्यानंतर ३० दिवस 'रिडेम्प्शन'. त्यात परत मिळतं, पण दंड नेहमीच्या दराच्या कितीतरी पट. मग पाच दिवस कुणालाच हात लावता येत नाही आणि त्यानंतर जो पहिला धरेल त्याचं. जुन्या, ग्राहक येत असलेल्या नावांवर यंत्रं टपून बसलेली असतात.

ऑटो रिन्यू फसलं ते बहुधा परदेशी रजिस्ट्रारमुळे. ऑक्टोबर २०२१ पासून भारतीय कार्डावरून आपोआप पैसे कापायला ई-मँडेट, म्हणजे ग्राहकानं आधी नोंदवून दिलेली परवानगी, लागतं आणि बऱ्याच परदेशी कंपन्यांकडे ती सोय नसते. कापायला गेले, नाकारलं, मेल आली. आणि मेल आली ती त्याच डोमेनवरच्या पत्त्यावर, जो बंद पडला. म्हणून रजिस्ट्रारच्या खात्याला मेल नेहमी बाहेरची द्या, जीमेल वगैरे, आणि फोन मालकाचा, मुनीमजींचा नको. नावं एकदम पाच वर्षांची भरून टाका. दहापर्यंत भरता येतं.

प्रश्न : हवं ते नाव रिकामं मिळालं. लगेच घ्यावं का?
— बेकरीवाले, प्रतापनगर

उत्तर : अर्धा तास थांबा. वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवर ते नाव टाकून बघा, आधी तिथे काय होतं. जुगार, औषधं, परदेशी भाषेतली कचरा पानं दिसली तर सोडा. तो डाग शोधयंत्रांच्या आणि मेल गाळण्यांच्या लक्षात असतो. मग ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात तुमच्या वर्गात तेच किंवा तसंच ऐकू येणारं नाव आहे का ते पाहा. बेकरीच्या मालाचा वर्ग ३०. नाव डॉट कॉमवर रिकामं असणं म्हणजे वापरायला मोकळं असणं नव्हे. तिसरं, त्याच नावाचं इन्स्टाग्राम खातं. तिन्ही ठिकाणी मोकळं दिसलं तर त्याच बैठकीत घेऊन टाका, भावकीत विचारत बसू नका.

प्रश्न : चीनमधून मेल आली : 'तुमच्या कंपनीचं नाव डॉट सीएनवर दुसरं कुणी नोंदवतंय, तुम्ही आक्षेप घेणार का?' घाबरून उत्तर देणार होतो.
— यंत्रभाग निर्माते, हिंगणा एमआयडीसी

उत्तर : देऊ नका. दुसरं कुणी नसतं. उत्तर दिलंत की तेच तुम्हाला ती नावं चढ्या दरात विकायला येतात. पोस्टानं येणारी 'डोमेन नोंदणी बिलं' याच जातीची. त्यांत 'हे बिल नाही' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, सही केली की रजिस्ट्रारच बदलतो. लेखनिकाला सांगून ठेवा की ज्या रजिस्ट्रारकडून डोमेन घेतलं त्याचं नाव टेबलाच्या काचेखाली आहे, दुसऱ्या कुणालाही डोमेनचे पैसे जायचे नाहीत. आणि ते नाव खरंच काचेखाली ठेवा.